शांत चित्र वाचायचं कसं? ‘द हे वेन’समोर एक तास

खेड्यातलं निसर्गचित्र समोर आलं की आपण ‘किती शांत वाटतं!’ म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. म्हणणं खोटं नसतं, पण त्यातून चित्राबद्दल काहीच हाती लागत नाही. जेवणं उरकल्यावर घरात पसरते ती शांतता वेगळी, वळवाच्या आधी पान हलत नाही ती वेगळी आणि गाव उठून गेलेल्या वाडीची वेगळी. चित्रकाराने यातली कुठली शांतता रंगवली आहे आणि ती कशाच्या जोरावर उभी केली आहे, हे शोधता येतं. त्यासाठी कलेचं शिक्षण लागत नाही. एक तास, कागद-पेन्सिल आणि थोडा धीर एवढं पुरतं.

उदाहरणासाठी एकच चित्र घेऊ आणि त्याच्यासमोर बसू. जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराचं ‘द हे वेन’, म्हणजे गवताची गाडी. साल १८२१, माध्यम तैलरंग, आकार १३०.२ बाय १८५.४ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचार फूट उंच आणि सहा फूट रुंद. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गॅलरीच्या संकेतस्थळावर ते मोठं करून बघता येतं, तेव्हा ते उघडा आणि मग पुढे वाचा. मोबाइलऐवजी लॅपटॉप किंवा टीव्हीचा पडदा असेल तर उत्तम. सहा फुटांचं चित्र चार इंचांत बघितलं तर त्यातली निम्मी माणसं गायब होतात.

पहिली पाच मिनिटं : फक्त नावं घ्या

घड्याळ लावा आणि चित्रात काय काय आहे त्याची यादी करा. विशेषणं लावायची नाहीत. ‘सुंदर नदी’ नको, ‘नदी’ लिहा. ‘जुनं टुमदार घर’ नको, ‘घर’ पुरे.

माझी यादी अशी झाली : डावीकडे घर. घराजवळ पाण्याच्या काठाशी एक बाई. घरामागे मोठी झाडं. मधोमध उथळ पाण्यात लाकडी गाडी, गाडीत दोन माणसं, गाडीला घोडे. आपल्या बाजूच्या काठावर कुत्रं. पलीकडच्या काठावर झुडपांत एक माणूस आणि लव्हाळ्यात होडी. उजवीकडे लांबवर उन्हातलं कुरण. वर ढग.

यादी झाली असं वाटेल तेव्हा अजून दोन मिनिटं थांबा. कुरणाच्या त्या लांबच्या पट्टीत माणसं आहेत, ती बहुतेकांच्या यादीत पहिल्या फेरीत येतच नाहीत. पांढरे ठिपके वाटतात ते गवत कापणारे मजूर आहेत, आणि तिकडे गवताने भरलेली दुसरी गाडीही आहे. मधल्या रिकाम्या गाडीचा अर्थ या ठिपक्यांमुळे लागतो. ती नदी ओलांडून गवत भरायला तिकडेच निघाली आहे. ठिपके दिसले नाहीत तर गाडी उगाच पाण्यात उभी आहे असं वाटतं.

नजर कुठून आत शिरते, कुठे अडते

आता डोळे मिटा आणि उघडा. नजर पहिल्यांदा कुठे गेली? तिथून कुठे सरकली? कागदावर एक चौकट काढून त्यात तो रस्ता एका रेषेत काढा. चित्र काढता येत नसलं तरी चालेल, रेषा वाकडी आली तरी चालेल.

माझी नजर आधी गाडीवर जाते. तिथून काठावरच्या कुत्र्याकडे, कारण कुत्रं गाडीकडे बघतंय आणि गाडीतला एक माणूस त्याच्याकडे हात करतोय. या दोघांच्या मध्ये एक न दिसणारी दोरी ताणलेली आहे. मग नजर घराकडे जाते, झाडांच्या शेंड्यांवरून आकाशात चढते आणि उजवीकडच्या उजळ कुरणात उतरते. पुढे जायला वाट उरत नाही, म्हणून पाण्यावरून परत गाडीकडे येते. एक फेरी पूर्ण होते आणि कुठेही घाई होत नाही.

फरक कळण्यासाठी शेजारी दुसरं चित्र उघडा. डच चित्रकार मायन्डर्ट होब्बेमाचं मिडलहार्निस गावाच्या रस्त्याचं चित्र, १६८९ सालचं, तेही नॅशनल गॅलरीतच आहे. सपाट मुलूख, दुतर्फा उंच शेलाटी झाडं आणि मधून सरळ गावाकडे गेलेला रस्ता. इथे नजर फिरत नाही, रस्त्याने सरळ आत ओढली जाते. क्षितिज खूप खाली आणि वर आकाशच आकाश. दोन्ही चित्रं शांत आहेत. पण होब्बेमाच्या चित्रात तुम्ही रस्त्यावर उभे आहात आणि तुम्हाला कुठेतरी पोहोचायचं आहे. कॉन्स्टेबलच्या चित्रात तुम्ही काठावर थांबलेले आहात, कुठेच जायचं नाही. भाव बदलला तो एवढ्या रचनेच्या फरकाने. चित्राचा मूड सांगताना ‘मला इथे चालायचं आहे की बसायचं आहे?’ असं स्वतःला विचारा. हा प्रश्न भाबडा वाटतो, पण मला आजवर सगळ्यात जास्त त्यानेच दिलं आहे.

डोळे किलकिले करा

हे चित्रकार नेहमी करतात. डोळे अर्धे मिटले की तपशील विरघळतात आणि फक्त उजेड-सावलीचे गोळे उरतात. जमत नसेल तर फोनवर चित्राचा फोटो घेऊन काळा-पांढरा करा.

‘द हे वेन’मध्ये आपल्या पायाजवळचा भाग आणि झाडांचा मोठा घोळका गडद दिसतो, मधलं पाणी अधूनमधून चमकतं आणि लांबचं कुरण लख्ख उन्हात आहे. म्हणजे आपण सावलीत उभे राहून उन्हाकडे बघतोय. भर दुपारी ओसरीवरून अंगणाकडे बघावं तसं. कॉन्स्टेबलने प्रदर्शनात चित्राला दिलेलं मूळ नाव होतं ‘लँडस्केप : नून’, म्हणजे निसर्गचित्र, दुपार. गवताच्या गाडीचं नाव मागाहून रूढ झालं. चित्रकाराच्या मते विषय गाडी नव्हता, दुपारची वेळ हा विषय होता. नाव ठाऊक नसतानाही उजेडाच्या वाटणीवरून इथवर पोहोचता येतं.

आवाज मोजा

ही पायरी कुठल्या पुस्तकातली नाही, माझी आहे. चित्रात या क्षणी कोणते आवाज येत असतील ते लिहा आणि प्रत्येकापुढे तो किती लांबून येतोय ते लिहा.

जवळचे आवाज : चाकांना घासून जाणारं पाणी, घोड्याच्या सरंजामाची किणकिण, कदाचित गाडीवाल्याची कुत्र्याला हाक. लांबचे आवाज : कुरणातले कोयते, मजुरांचं बोलणं, गाडी भरण्याची लगबग. आता बघा, या चित्रातलं सगळ्यात कष्टाचं, घामाचं काम सगळ्यात लांब ठेवलं आहे, इतकं लांब की त्याचा आवाज आपल्यापर्यंत यायचाच नाही. चित्रात काम जोरात चालू आहे, आपल्याला फक्त ते ऐकू येत नाही. पाण्यातल्या गाडीपाशी क्षणभराची विश्रांती आहे आणि आपण त्या विश्रांतीच्या शेजारी उभे आहोत. ‘शांत’ या शब्दाच्या जागी आता काहीतरी नेमकं यायला लागलं.

गाडी पाण्यात थांबली आहे की चालते आहे, यावर मतभेद आहेत. ती उथळ पाण्यातून कुरणाकडे जाते आहे, हे सरळ वाचन. उन्हात घोड्यांचे पाय गार व्हावेत आणि चाकांचं लाकूड पाणी पिऊन फुगावं म्हणून ती पाण्यात आणली आहे, असंही म्हणतात. ज्याने बैलगाडी वापरात असलेली बघितली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या आजोळी उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आकसायचं, लोखंडी धाव सैल होऊन खडखडायची. मग मामा गाडी ओढ्यात नेऊन उभी करायचा. बैल सोडायचा, मान पाण्यात घालू द्यायचा आणि स्वतः काठावर बसायचा. आरे फुगून धाव घट्ट बसेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नसायचं. तो वेळ आळसाचा नव्हता, कामाचाच होता, पण त्यात हात मोकळे असायचे. चित्र वाचताना आपलं असं काही आठवलं तर ते बाजूला सारू नका, फक्त वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. चित्रात काय आहे आणि आपण काय घेऊन आलो, हे दोन रकाने एकमेकांत मिसळले की वाचन भरकटतं.

बोटाने झाका

आता रचना तपासायची. पडद्यावर बोट ठेवून एकेक गोष्ट झाका आणि काय बिघडतं ते बघा.

कुत्रं झाका. पुढचा काठ एकदम रिकामा होतो आणि आपण चित्राच्या बाहेर पडतो, कारण आपल्या बाजूला दुसरं कोणीच उरत नाही. घर झाका. डावी बाजू फक्त झाडांची होते, माणसाचा वस्तीशी संबंध तुटतो. उजवीकडचं कुरण झाका. सगळं वजन डाव्या बाजूला जातं आणि चित्र कलंडतं. डावीकडे भरगच्च झाडं आणि उजवीकडे मोकळं ऊन, हा तोल सारख्या वजनाचा नाही. मोकळ्या जागेने भरलेल्या जागेला तोललं आहे.

मग घोड्यांच्या सरंजामावरचा लाल रंग झाका. एवढाच, नखाएवढा. हिरवा आणि लाल हे एकमेकांचे विरोधी रंग. हिरव्या-तपकिरी चित्रात लालाचा तो थेंब नसेल तर हिरवा रंग झोपतो. लाल असताना सगळं गवत, सगळी पानं ताजी वाटतात. शांत चित्रात तीव्र रंग चालत नाही असा समज असतो. चालतो, पण त्याची जागा आणि मात्रा सांभाळावी लागते.

चित्रात काय नाही?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. तुम्हीही घालवावा असं मला मनापासून वाटतं.

कॉन्स्टेबलने अंतिम चित्राआधी त्याच आकाराचं, सहा फुटांचं कच्चं तैलचित्र केलं होतं. ते लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तेही उघडून दोन्ही शेजारी लावा. कच्च्या चित्रात पुढच्या काठावर, कुत्र्याजवळ, घोड्यावर बसलेली एक आकृती आहे. अंतिम चित्रात ती नाही. तिच्या जागी कॉन्स्टेबलने आधी एक पिंप रंगवलं आणि मग तेही रंगाखाली गाडून टाकलं. जुन्या रंगाचा थर काळाने पारदर्शक होत जातो, त्यामुळे त्या पिंपाचा माग तिथे आज लागतो.

तो चित्रकार काय करत असेल, कल्पना करा. पुढच्या काठावर स्वार असला की नजर आधी त्याच्यावर जाणार आणि गाडी त्याच्या मागे पडणार. स्वार काढला, पण जागा रिकामी वाटली म्हणून पिंप ठेवलं. पिंप हलत नाही, बोलत नाही, तरी तेही नजर अडवत होतं. मग तेही काढलं. उरलं एक कुत्रं आणि बरीचशी मोकळी माती. आपल्याला सहज वाटणारी ती मोकळी जागा दोनदा चुकून, दोनदा पुसून मिळालेली आहे.

होब्बेमाचंही असंच. त्याच्या रस्त्याच्या चित्राचे क्ष-किरण फोटो काढले तेव्हा पुढच्या भागात दोन बाजूंना एकेक झाड आधी रंगवलेलं आढळलं. त्याने ती दोन्ही झाकली. ती राहिली असती तर पुढे खिडकीसारखी चौकट तयार झाली असती आणि आपण त्या खिडकीतून गाव बघितलं असतं. ती गेली आणि रस्ता आपल्या पायापर्यंत आला, आकाश कडेपर्यंत पसरलं.

सव्वाशेहून जास्त वर्षांचं अंतर, दोन देश, दोन वेगळे स्वभाव. दोघांनीही शांतता मिळवली ती पुढच्या भागातलं काहीतरी काढून. म्हणून कुठल्याही शांत चित्रासमोर विचारा, इथे काय असू शकलं असतं आणि नाही? गावाचा रस्ता आहे, पण माणूस का नाही? नदी आहे, पण पूल का नाही? क्ष-किरण आपल्याजवळ नसतात, प्रश्न असतो.

आकाश वेगळं वाचा

एक कागद घेऊन चित्राचा खालचा भाग पूर्ण झाका आणि फक्त ढग बघा. पांढरे ढग, त्यांच्यात मिसळलेले करडे ढग, मधून निळा. हे स्वच्छ आकाश नाही. सर पडूही शकते, न पडताही निघून जाऊ शकते.

कॉन्स्टेबलला हे कळत होतं कारण तो गिरणीवाल्याचा मुलगा. १७७६ साली ईस्ट बर्गहोल्ट गावात जन्म, वडिलांच्या धान्याच्या गिरण्या, आणि तरुणपणी त्याने स्वतः काही काळ पवनचक्कीवर काम केलेलं. वाऱ्यावर पोट असणारा माणूस आकाशाकडे शोभा म्हणून बघत नाही. हे चित्र प्रदर्शित झालं त्याच वर्षी, आणि पुढच्याही वर्षी, त्याने लंडनजवळ हॅम्पस्टेडला ढगांचे पुष्कळ अभ्यास केले. अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठला हे लिहून ठेवलं. मित्राला पाठवलेल्या पत्रात त्याने आकाशाला निसर्गचित्रातल्या भावनेचं मुख्य अंग म्हटलं आहे.

आता कागद काढा आणि खालचं चित्र पुन्हा बघा. गवत कापून पडलं आहे, गाडी भरायला निघाली आहे आणि वर ढग जमताहेत. सुगीत आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या घरात ज्याचं बालपण गेलं त्याला या शांततेतली किंचित काळजी लगेच कळेल. बाकीच्यांना आकाश वेगळं काढून बघितल्यावर कळते.

जवळ जा

चित्र शक्य तितकं मोठं करा. लांबून गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग जवळून खडबडीत निघतो. पानांवर, पाण्यावर पांढऱ्या रंगाचे बारीक फटकारे आहेत. ओल्या पानावर ऊन चमकतं ते दाखवण्यासाठी त्याने ते टाकले. काही समकालीनांना ते रुचले नाहीत, चित्रावर बर्फ भुरभुरल्यासारखा वाटतो म्हणून त्यांनी नावं ठेवली. विषय निवांत आणि हात मात्र चंचल. त्यामुळे चित्र शांत असूनही मेलेलं वाटत नाही. कॅलेंडरवरच्या छापील प्रतीत हे सारं नाहीसं होतं. आमच्या घरच्या भिंतीवर अशी प्रत बरीच वर्षं होती आणि ते चित्र मला कंटाळवाणं वाटायचं. दोष छपाईचा होता, पण ते फार उशिरा कळलं.

इतिहास शेवटी

माहिती आधी वाचली की डोळे तिच्या मागे जातात, म्हणून ती आता. स्थळ आहे इंग्लंडमधल्या सफक आणि एसेक्स यांच्या सीमेवरची स्टूर नदी, फ्लॅटफर्डच्या गिरणीजवळ. गिरणी कॉन्स्टेबलच्या वडिलांची. ती चित्रात नाही, कारण आपण तिच्या अंगाशीच उभे आहोत. डावीकडचं घर विली लॉट या शेतकऱ्याचं. तो जन्मभर त्या घराला इतका धरून होता की बाहेर घालवलेले त्याचे दिवस बोटांवर मोजता यावेत, असं सांगतात. घर अजून उभं आहे. चित्र मात्र तिथे झालं नाही. आधीच्या वर्षांत केलेल्या अभ्यासांवरून ते लंडनच्या कार्यशाळेत रंगवलं गेलं. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात १८२१ मध्ये ते मांडलं, पण विकलं गेलं नाही. १८२४ मध्ये पॅरिसच्या ‘सलोन’ या मोठ्या चित्रप्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं.

आणखी एक गोष्ट, जी चित्राच्या चौकटीबाहेर आहे. नेपोलियनबरोबरची युद्धं १८१५ मध्ये संपल्यावर त्या भागातल्या शेतमजुरांचे हाल झाले. १८१६ मध्ये आणि पुन्हा १८२२ मध्ये पूर्व इंग्लंडमध्ये दंगे आणि जाळपोळ झाली. चित्रात याचा मागमूस नाही. म्हणून चित्र खोटं ठरवायची घाई करू नका, आणि ‘त्या काळी खेड्यात किती सुख होतं’ असंही म्हणू नका. लंडनमध्ये राहणाऱ्या, वडील गेलेल्या, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने आपल्या बालपणाची नदी आठवून रंगवली आहे. आठवण काय ठेवते आणि काय गाळते, हे तुम्ही मघाशी पिंपाच्या निमित्ताने बघितलंच.

हाच तास आपल्या चित्रांसमोर

पद्धत हाताला बसली की जवळच्या चित्राकडे या. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार होते आणि १९३१ मध्ये गेले. कोल्हापूरच्या परिसराची, तिथल्या पाण्याकाठांची त्यांनी केलेली निसर्गचित्रं मिळतील तिथे बघा. इंग्लंडमधलं ऊन तिरकं आणि ढगांतून गाळलेलं, आपलं डोक्यावर येऊन आदळणारं. त्यामुळे सावलीचा रंग वेगळा, पाण्याची चमक वेगळी आणि ‘दुपार’ या शब्दाचा अर्थही वेगळा. यादी, नजरेची रेषा, किलकिले डोळे, आवाज, बोटाने झाकणं, नसलेल्या गोष्टी, आकाश, सगळं तसंच करा, फक्त उत्तरं तिथली येऊ द्या. मूळ चित्रासमोर उभं राहायला मिळालं तर आधी तीन पावलं मागे जा, मग पुढे या. गर्दी असेल तर सकाळी लवकर जा.

शेवटी वहीत मूडचं एकच वाक्य लिहा. त्यात ‘सुंदर’, ‘शांत’, ‘प्रसन्न’ हे तीन शब्द वापरायचे नाहीत, आणि वाक्यातल्या प्रत्येक तुकड्यासाठी चित्रात बोट ठेवायला जागा हवी. ‘द हे वेन’पुढे माझ्या वहीत पहिल्या दिवशी नुसतं ‘निवांत’ लिहिलेलं आहे. त्याखाली, बऱ्याच दिवसांनी, हे आहे : ‘दुपारच्या कामात मधेच सापडलेली थोडी सवड, आपण सावलीत, कष्ट लांब उन्हात, आणि सर येणार की नाही ते अजून ढगांनी ठरवलेलं नाही.’